स्नायू संपतो, ओढ संपत नाही

पेडणे तालुक्यातल्या मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या किनाऱ्यांवर रापण लागते तेव्हा होडी समुद्रात अर्धगोल घेत जाळं सोडत येते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आले की माणसांच्या दोन रांगा ओढायला लागतात. टाच वाळूत रोवायची, अंग मागे झोकायचं, दोर सैल पडू न देता पावलापावलाने मागे सरायचं. काम मिनिटांचं नसतं, तासांचं असतं. बघ्यांची नजर रापणकारांच्या दंडांवर आणि पोटऱ्यांवर जाते, आणि जाळं हे स्नायूच ओढताहेत असं वाटणं साहजिक आहे. पण पोटरीचा स्नायू टाचेपर्यंत पोचतच नाही. तो बराच वर संपतो. तिथून खाली टाचेच्या हाडापर्यंत जाते ती कंडरा: पांढरी, चिवट, स्वतः होऊन कधीही न आखडणारी. स्नायूने लावलेला सगळा जोर या कंडरेच्या हवाली होतो, तेव्हा कुठे टाच वाळूत रुतते. दंड, मांडी, मनगट, बोटं, सगळीकडे हाच कारभार.

जोर हवाली होतो हे म्हणायला सोपं आहे. घडायला मात्र ते फार अवघड आहे, कारण इथे एकमेकांशी काही साम्य नसलेले दोन पदार्थ जोडलेले असतात. स्नायू मऊ असतो, त्याचा तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो, तो लाल असतो आणि तो आखडतो. त्याच्या एक चौरस सेंटीमीटर छेदातून फार तर दोन-तीन किलो वजन पेलण्याएवढी ओढ निघते. कंडरा म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे समांतर तंतू. तिच्या एक चौरस सेंटीमीटरला तोडायला पाचशे ते हजार किलोंचा भार लागतो. म्हणूनच भल्यामोठ्या पोटरीची सगळी ओढ अर्ध्या-पाऊण चौरस सेंटीमीटर छेदाच्या कंडरेतून आरामात खाली जाते. धावताना या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो आणि ती तो दिवसातून हजारो वेळा सोसते.

एक मऊ आणि एक ताठ असे दोन पदार्थ जोडून ओढले तर सगळा ताण जोडाच्या रेषेवर गोळा होतो आणि तुटतं तेही तिथेच. यंत्रं बनवणाऱ्यांचा हा जुना अनुभव आहे. मग आपली पोटरी दर पावलाला कंडरेपासून सुटून का येत नाही? याचं उत्तर स्नायूच्या शेवटच्या काही मायक्रोमीटरमध्ये आहे. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

ताटातला पुरावा

सूक्ष्मदर्शकाकडे जाण्याआधी हा जोड नुसत्या डोळ्यांनी बघता येतो, आणि गोव्यात तर तो रोज जेवणात असतो. इसवणाची कापी ताटात घ्या. कापीच्या मांसात वाकड्या रेघा दिसतात आणि काट्याने किंवा बोटाने हलकेच दाबलं की मांस त्या रेघांवरून पापुद्र्यांमध्ये सुटतं. एकेक पापुद्रा म्हणजे माशाच्या स्नायूचा एकेक ठोकळा. दोन ठोकळ्यांच्या मधे कोलॅजेनचा पातळ पडदा असतो. स्नायूचे तंतू एका पडद्यापासून निघतात आणि दुसऱ्या पडद्यावर संपतात. माशाला आपल्यासारख्या लांब कंडरा फारशा लागत नाहीत. हे पडदेच त्याची कंडरा. स्नायूंनी पडदे ओढायचे, पडद्यांनी कणा वाकवायचा, की शेपूट हलली.

कच्चा इसवण कापताना हे पापुद्रे सुटत नाहीत. बोटांनी ओढले तरी ते एकमेकांना धरून राहतात. चुलीवर मात्र चित्र पालटतं. उष्णतेने स्नायूची प्रथिनं गोठून घट्ट होतात, तर पडद्यातलं कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतं. मासा समुद्राच्या थंडाव्यात राहणारा, म्हणून त्याचं कोलॅजेन मटणातल्या कोलॅजेनपेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला विरघळतं. त्यामुळे मासा काही मिनिटांत शिजतो आणि मटणाला तास लागतो. हुमणातला तुकडा डावाने ढवळताना मोडतो, तेव्हा हाच जोड सुटलेला असतो.

कोंबडीची तंगडी साफ करतानाही हे दिसतं. मांस घोट्याकडे निमुळतं होत जातं आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्या बाहेर पडतात. वरच्या बाजूला त्याच दोऱ्या रुंद होऊन मांसावर चंदेरी पापुद्र्यासारख्या पसरलेल्या असतात. अशी एक दोरी चिमटीत धरून जोराने ओढली तर ती स्वच्छ निघत नाही. तिला मांसाचे धागे चिकटून येतात. म्हणजे जोड टिकला आणि मांस फाटलं. हा बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण माणसाच्या पायातही दुखापत होते ती अशीच.

काचपट्टीवरचा घोळ

शरीराचे भाग सुटे करून मोजण्याची आपली परंपरा जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पाचशे पेशी (म्हणजे आजचे स्नायू), नऊशे स्नायू (म्हणजे बंध) आणि सोळा कंडरा मोजलेल्या आहेत. त्यासाठी मृतदेह गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा आणि मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू एकेक थर घासून काढायचा, अशी कृतीही तिथे दिली आहे. पेडणे तालुक्यात धारगळला डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत शिकणारी मुलं ही यादी आजही शिकतात. कुंच्याने थर वेगळे होतात, पण एक भाग जिथे दुसऱ्याला धरतो ती जागा त्याने दिसत नाही. त्यासाठी भिंग लागतं.

पोर्तुगीज काळात, १८४२ साली, पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली. तिचंच पुढे १९६३ मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालय झालं आणि ते आता बांबोळीला आहे. वैद्यकाच्या कुठल्याही पहिल्या वर्षाच्या मुलाला स्नायू आणि कंडरा यांच्या काचपट्ट्या बघाव्या लागतात आणि गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी त्यांची चित्रं काढावी लागतात. नेहमीच्या रंगांत, म्हणजे हिमॅटोक्सिलिन आणि इओसिनमध्ये, मोठी पंचाईत होते. स्नायूही गुलाबी आणि कंडराही गुलाबी. नीट पाहिलं तर स्नायूच्या तंतूंवर आडव्या बारीक पट्ट्या दिसतात आणि त्यांची केंद्रकं कडेला सरकलेली असतात. कंडरेचे तंतू नागमोडी असतात आणि त्यांच्यामधे चपट्या केंद्रकांच्या रांगा असतात. मॅसनचे तिहेरी रंग वापरले की काम सोपं होतं: स्नायू लाल, कोलॅजेन निळं. मग दोन्हींमधली हद्द लक्षात येते, आणि ती सरळ नसते. लाल तंतूंची टोकं दातेरी होऊन निळ्यात शिरलेली दिसतात.

या दातेरी कडेने जुन्या अभ्यासकांना दशकानुदशकं वादात ठेवलं. साध्या सूक्ष्मदर्शकातून एक मायक्रोमीटरच्या पाचव्या भागाहून लहान गोष्टी सुट्या दिसत नाहीत. त्यामुळे स्नायूच्या आतले धागे थेट पुढे जाऊन कंडरेचे धागे होतात, असंच काहींना दिसत होतं. दुसरे म्हणत, स्नायूची पेशी तिच्या आवरणात बंद आहे, तिचं काहीही बाहेर जात नाही. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाताशी आला आणि वाद मिटला. पेशीचं पटल कुठेही तुटत नाही. सुमारे ८ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) जाडीचा हा पडदा स्नायूतंतूच्या टोकावर पूर्ण फिरलेला असतो. आतला एक धागा बाहेर पडत नाही आणि कोलॅजेनचा एकही तंतू आत शिरत नाही. ओढ मात्र आरपार जाते.

घड्यांचं गणित

स्नायूच्या टोकाला हे पटल सपाट नसतं. ते खोल घड्यांमध्ये दुमडलेलं असतं. स्नायूचे बारीक फाटे कंडरेत घुसलेले आणि कंडरेचे तंतू फाट्यांमधल्या खाचांमध्ये शिरलेले. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली की तळवे जसे धरून राहतात, तशी ही रचना. एकेका फाट्याची लांबी काही मायक्रोमीटर, रुंदी बहुधा मायक्रोमीटरच्याही आत. या दुमडण्यामुळे दोघांना एकमेकांना चिकटायला मिळणारी जागा दहा ते वीस पट वाढते. तेवढीच ओढ दहा-वीस पट जागेवर पसरली की प्रत्येक बिंदूच्या वाट्याला येणारा ताण तेवढ्या पटीने उतरतो.

जागा वाढली हा फायद्याचा एक भाग झाला. दुसरा भाग दिशेचा आहे. स्नायूचं टोक सपाट असतं तर ओढ त्या सपाटीला काटकोनात बसली असती, आणि पटल कंडरेवरून उपटून निघायला बघितलं असतं. घड्यांच्या भिंती मात्र ओढीच्या दिशेला जवळजवळ समांतर असतात. त्यामुळे पटल उपटलं जात नाही, तर कंडरेवर घासून सरकू बघतं. चिकटवलेला कुठलाही जोड उपटण्यापेक्षा असं सरकवण्यासमोर कितीतरी जास्त टिकतो. १९८० च्या दशकात जेम्स टिडबॉल या अमेरिकी शास्त्रज्ञाने घड्यांचे कोन आणि क्षेत्रफळ मोजून हे गणित मांडलं.

ही बोटं खरंच बोटं आहेत का, हा प्रश्न मात्र बराच काळ पडून होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा काप नॅनोमीटरच्या हिशेबात पातळ असतो आणि एका कापात जे बोट दिसतं ते प्रत्यक्षात लांब वरंबा असू शकतं. उभा छेद घेतला की वरंबाही बोटासारखाच दिसणार. याचं उत्तर मिळायला एका शस्त्रक्रियेची मदत झाली. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला की शल्यविशारद मांडीच्या मागच्या बाजूची एखादी कंडरा काढून तिथे बसवतात.  अशा शस्त्रक्रियांमध्ये काढलेल्या कंडरांच्या स्नायूकडच्या टोकांचे सलग काप घेऊन डॅनिश संशोधकांनी माणसाच्या या हद्दीचं त्रिमिती चित्र तयार केलं आणि ते २०१५ मध्ये छापलं. त्यात बोटांऐवजी मुख्यतः वरंबे आणि त्यांच्यामधल्या चरा दिसल्या. पाठ्यपुस्तकांतली चित्रं अजूनही बोटांचीच आहेत. गणिताला त्याने बाध येत नाही, कारण वरंब्याच्या भिंतीही ओढीला समांतरच असतात.

पटलाच्या आरपार

आता एकाच घडीत डोकावू. स्नायूतंतूच्या आत आखडणारे एकक एकापाठोपाठ एक लागलेले असतात. त्यांना सार्कोमिअर म्हणतात. प्रत्येकाची लांबी सुमारे दोन ते अडीच मायक्रोमीटर. त्यात मायोसिनचे जाड धागे ॲक्टिनच्या बारीक धाग्यांना स्वतःकडे सरकवतात, आणि धाग्यांची लांबी न बदलता सार्कोमिअर आखूड होतं. हे १९५४ मध्ये दोन वेगवेगळ्या जोड्यांनी एकाच वेळी दाखवलं: अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के, तसेच ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. दोन हक्सली, पण एकमेकांचे नातलग नव्हेत.

मधल्या सार्कोमिअरचे ॲक्टिन धागे पुढच्या सार्कोमिअरशी बांधलेले असतात. शेवटच्याला पुढे कोणी नाही. त्याचे धागे घडीच्या भिंतीशी जाऊन पटलाला आतून टेकतात. तिथे प्रथिनांच्या दोन साखळ्या शेजारी शेजारी काम करतात. पहिलीत टॅलिन आणि व्हिंक्युलिन ही प्रथिनं ॲक्टिनला धरतात आणि इंटेग्रिन या प्रथिनाच्या हातात देतात. इंटेग्रिन पटलाच्या आरपार असतं. त्याचं एक टोक आत, दुसरं बाहेर. दुसऱ्या साखळीत ॲक्टिनला डिस्ट्रोफिन धरतं आणि डिस्ट्रोग्लायकन पटल ओलांडतं. दोन्ही साखळ्या बाहेर लॅमिनिनच्या थराला येऊन मिळतात आणि तो थर कंडरेच्या कोलॅजेनशी जखडलेला असतो. या जागेची खास खूण म्हणजे बाविसाव्या क्रमांकाचं कोलॅजेन. २००४ मध्ये त्याचं वर्णन झालं. शरीरात ते मोजक्याच सीमांवर सापडतं आणि स्नायू-कंडरेची हद्द त्यातली प्रमुख.

साखळीतली एक कडी नसली तर काय होतं, याचं दुःखद उदाहरण म्हणजे ड्यूशेन स्नायुक्षय. साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा जन्मजात आजार असतो. तीन-चार वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत वर येतो. त्याच्या पोटऱ्या भरलेल्या दिसतात, पण जिना चढताना तो थकतो. १९८७ मध्ये कळलं की या मुलांच्या स्नायूंत डिस्ट्रोफिन बनतच नाही. हे प्रथिन स्नायूतंतूच्या सगळ्या पटलाखाली असतं, पण टोकांच्या घड्यांमध्ये त्याची गर्दी असते.

ते तिथे काय करतं हे दाखवायला परत मासाच उपयोगी पडला. झेब्राफिश हा बोटाच्या पेराएवढा, निळ्या पट्ट्यांचा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर लिहिताना १८२२ मध्ये त्याचं वर्णन केलं. सह्याद्रीतल्या ओहोळांत त्याचे जवळचे नातलग सापडतात. त्याचं पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं आणि अंडं फलित झाल्यावर एका दिवसाच्या आत त्याचे स्नायू हलायला लागतात, म्हणून जिवंत स्नायू बघायला ते सोयीचं. डिस्ट्रोफिन नसलेली पिल्लं पाहिली तेव्हा २००३ मध्ये दिसलं की त्यांचे तंतू आखडू लागले की टोकाच्या पडद्यावरून सुटून येतात. इसवणाच्या कापीत जो पडदा उष्णतेने सुटतो, तोच इथे जिवंतपणी सुटत होता. बाविसावं कोलॅजेन काढून घेतलेल्या पिल्लांमध्येही हद्द अशीच कमजोर निघाली.

ओढ मोजणारी मज्जा

ही हद्द ओढ नुसती पुढे ढकलत नाही, ती मोजतेही. इटलीत पाव्हिया इथे काम करणाऱ्या कामिल्लो गॉल्जी यांना १८८० च्या सुमारास स्नायू आणि कंडरा यांच्या सांध्यात एक बारीक, चातीच्या आकाराची रचना सापडली. लांबी सुमारे एक मिलिमीटर, जाडी त्याच्या दहाव्या भागाएवढी. दहा-वीस स्नायूतंतूंची टोकं तिच्यातल्या कोलॅजेनच्या वेण्यांना जोडलेली असतात आणि त्या वेण्यांमध्ये एका मज्जातंतूच्या शाखा गुंफलेल्या असतात. तंतूंनी ओढलं की वेणी ताणली जाते, शाखा चेपल्या जातात आणि मज्जारज्जूकडे संदेश जातो. चेतासंस्थेच्या रचनेवरच्या कामासाठी गॉल्जींना १९०६ चं नोबेल पारितोषिक सांतियागो रामोन इ काहाल यांच्यासोबत मिळालं.

स्नायू किती लांब झाला हे सांगणारी यंत्रणा स्नायूच्या पोटात वेगळी असते. गॉल्जींची ही इंद्रियं सांगतात ती ओढ किती लागली हे. ती इतकी संवेदनशील असतात की त्यांना जोडलेला एखादाच तंतू आखडला तरी खबर जाते. रापण ओढताना लाटेबरोबर दोर कधी जड होतो, कधी हलका. डोळे मिटूनही रापणकाराला जोर किती लावायचा ते कळतं, त्यात या खबरीचा मोठा वाटा असतो.

वाढणारी हद्द

मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की हाडं भराभर लांबतात. स्नायूला त्यांच्याबरोबर लांबावं लागतं आणि तो लांबतो तो मुख्यतः टोकांकडून. नवी सार्कोमिअर हद्दीजवळ भर घालतात. प्रौढपणीही ही सोय राहते. मांजरांच्या पोटरीवर १९७० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत स्नायू ताणलेल्या स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवला तर चार आठवड्यांत सार्कोमिअर सुमारे १९ टक्के वाढली, आणि आखूड स्थितीत ठेवला तर ४० टक्के घटली. प्लास्टर काढल्यावर पाय सरळ होत नाही, याचं हे एक मोठं कारण.

घड्याही स्थिर नसतात. उंदरांचा पाय तीन आठवडे जखडून ठेवला तर हद्दीवरचं संपर्काचं क्षेत्र जवळजवळ निम्मं होतं. अवकाशात चार दिवस फिरून आलेल्या उंदरांच्याही घड्या कमी झालेल्या आढळल्या, कारण वजनच नाही तर ओढ कुठली? उलट नियमित धावणाऱ्या आणि वजन ओढणाऱ्या प्राण्यांत घड्यांना नवे फाटे फुटतात. पटलाची घडी ही जन्माला एकदा घालून दिलेली गोष्ट नाही. ओढीच्या मापाने ती रोज घातली जाते.

एवढी हालचाल सांभाळायला टोकाला वेगळी माणसं नेमलेली असतात, असं आता दिसतंय. स्नायूतंतू ही अनेक केंद्रकांची लांबलचक पेशी आहे. २०२० मध्ये एकेक केंद्रक सुटं करून तपासलं तेव्हा टोकांवरच्या केंद्रकांमध्ये वेगळीच जनुकं चालू असल्याचं कळलं. त्यातली काही बाविसावं कोलॅजेन बनवण्याची. वर्षभराने त्याहून नवल निघालं: टोकाजवळची काही केंद्रकं मुळात स्नायूची नव्हतीच. कंडरेच्या बाजूच्या पेशी स्नायूतंतूत विरघळून गेल्या होत्या आणि आपली केंद्रकं तिथे ठेवून गेल्या होत्या. म्हणजे पेशी बनताना दोन्ही बाजू एकमेकींत मिसळल्या, आणि मग पटलाने पुन्हा वेगळ्या राहिल्या.

पलीकडे, कंडरेच्या अंगाला, काळ फार संथ चालतो. १९५५ ते १९६३ या काळात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ वाढलं होतं आणि पुढे ते ओसरत गेलं. त्या काळात जगलेल्या माणसांच्या ऊतींमध्ये त्याची नोंद राहिली. २०१३ मध्ये डॅनिश संशोधकांनी ही नोंद वाचली. टाचेच्या कंडरेचा गाभा वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास जो तयार झाला, तो पुढे जवळपास तसाच राहिला होता. त्याच माणसांच्या स्नायूंची मात्र सतत नवी घडण चालू होती. झपाट्याने बदलणारा स्नायू आणि जवळजवळ न बदलणारी कंडरा, यांच्या मधे ही हद्द दोघांचा मेळ घालत असते.

तुटतं कुठे

डिचोली, सांखळी आणि पेडणे भागात शिगम्यात घोडेमोडणी नाचते. कमरेला सजवलेला लाकडी घोडा, हातात तलवार, ढोल-ताशांवर पुढे झेप आणि मागे पाऊल. अशा नाचात, फुटबॉलच्या मैदानावर किंवा माडावरून उतरताना पाडेल्याच्या पायात स्नायूला एक खास काम करावं लागतं: आखडत असतानाच लांबावं लागतं. पुढे झेपावलेलं अंग थांबवताना पोटरी जोर लावते आणि त्याच वेळी ताणलीही जाते. या स्थितीत स्नायू सर्वांत जास्त ओढ निर्माण करतो आणि दुखापतही बहुधा अशा वेळीच होते. पोटरीत मागून कोणी दगड मारल्यासारखं वाटतं आणि पाय टेकवत नाही. लोक म्हणतात शीर तुटली.

तुटलेली असते ती शीर नसते, आणि हद्दही नसते. १९८० च्या दशकात अमेरिकेत सशांच्या स्नायूंवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की कोणत्याही दिशेने आणि कितीही वेगाने ताणलं तरी स्नायू फाटतो तो बहुतेक वेळा हद्दीच्या अगदी जवळ, पण स्नायूच्याच बाजूला, काही मिलिमीटरच्या आत. घड्या टिकतात आणि त्यांना जोडलेले तंतू फाटतात. एमआरआयमध्येही मांडीच्या मागच्या आणि पोटरीच्या आतल्या बाजूच्या स्नायूंच्या दुखापती याच पट्ट्यात दिसतात.

भरून येतानाही शरीर हीच युक्ती वापरतं. फाटलेल्या तंतूंची दोन्ही टोकं बंद होतात, मधे कोलॅजेनचा व्रण तयार होतो, आणि प्रत्येक टोक त्या व्रणाला धरण्यासाठी छोटी नवी घड्यांची हद्द उभारतं. एका जोडाच्या जागी तात्पुरते बरेच छोटे जोड होतात. पहिले काही दिवस हा व्रण कच्चा असतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस बर्फ, दाबून बांधलेली पट्टी आणि पाय उंचावर ठेवणं हेच योग्य. लगेच तेल लावून जोराने चोळलं तर फाटलेले तंतू आणि फुटलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा विस्कटतात. त्याचबरोबर पाय महिनाभर हलवायचाच नाही, हेही चुकीचं. चार-पाच दिवसांनी सोसेल इतकी हळूहळू हालचाल सुरू केली की नवे तंतू आणि नव्या घड्या ओढीच्या दिशेने रचल्या जातात. सूज खूप असेल, खड्डा हाताला लागत असेल किंवा चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं, कारण तेव्हा कंडरा स्वतःच तुटलेली असण्याचा संभव असतो.

दुखापत टाळायचा उपायही याच हद्दीच्या स्वभावातून निघतो. गुडघ्यांवर बसून, घोटे कोणीतरी धरून ठेवायचे आणि अंग हळूहळू पुढे झुकू द्यायचं, असा एक साधा व्यायाम फुटबॉल संघांत प्रचलित आहे. त्यात मांडीच्या मागचे स्नायू लांबत असताना जोर लावतात. नेमाने तो करणाऱ्या संघांत मांडीच्या मागच्या दुखापती सुमारे निम्म्याने घटल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

शिगम्याच्या मेळांनी याचा विचार करायला हरकत नाही. डिचोलीच्या किंवा तुयेच्या औद्योगिक वसाहतीत वर्षभर पाळीत उभं राहणारा किंवा पणजीत खुर्चीत बसणारा तरुण वर्षातून चार-पाच रात्री कमरेला घोडा बांधून नाचतो. तालमी सुरू झाल्या की दोन आठवड्यांत त्याला ताकद आल्यासारखं वाटतं. सुरुवातीची ही ताकद मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतूंच्या सरावाची असते. स्नायू जाड व्हायला आणि टोकावरच्या घड्यांनी नवा भार अंगी मुरवायला आठवडे लागतात. तेव्हा तालमी होळीच्या आठवड्यावर न ठेवता दीड-दोन महिने आधी सुरू कराव्यात, झेपांची उंची आणि वेळ टप्प्याटप्प्याने वाढवावी, आणि चवड्यांवर उभं राहून टाचा सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम रोज करावा. पायरीच्या कडेवर दहा मिनिटं पुरतात.